शुगर ‘बॉर्डरला’ आहे? मग रक्ताचा रिपोर्ट नीट वाचा

गावात आरोग्य शिबिर लागतं. टेबलावर छोटं मशीन, समोर रांग. बोटाला टोचतात, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतात आणि काही सेकंदांत आकडा येतो : १३२. “शुगर बॉर्डरला आहे, गोड कमी करा,” एवढं सांगून पुढच्याला बोलावतात. माणूस घरी येतो तो एकतर घाबरून, नाहीतर ‘बॉर्डरलाच आहे ना, अजून झाली तर नाही’ म्हणून निश्चिंत होऊन.

पण १३२ हा आकडा नुसता सांगून काहीच कळत नाही. जेवून तास-दीड तास झाल्यावर १३२ आली असेल तर त्यात काळजीचं काही नाही. रात्रभर पोटात काही नसताना सकाळी १३२ आली असेल तर ती बॉर्डर ओलांडून गेलेली आहे, कारण उपाशीपोटी १२६ पासूनच मधुमेह धरतात. आणि ग्लुकोजचं पाणी पिऊन बरोबर दोन तासांनी १३२ आली असेल तर ती तपासणी नॉर्मल. आकडा एकच, अर्थ तीन.

बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूरसारख्या गावात हा गोंधळ आणखी वाढतो. इथला पेशंट एकदा बसवकल्याणला दाखवतो, पुढच्या वेळी हुमनाबाद किंवा कलबुर्गीला जातो, मुलगा-मुलगी सोलापूरला असेल तर तिसरा रिपोर्ट तिकडचा. प्रत्येक लॅबचा कागद वेगळा, छापलेली ‘नॉर्मल रेंज’ही थोडी वेगळी. म्हणून आकडा किती आला हे बघण्याआधी तो कसा आला, कोणत्या तपासणीचा आणि कोणत्या वेळचा, हे बघायची सवय लावून घ्या. या लेखात तेवढंच सांगायचं आहे.

तपासणी कुणी करून घ्यावी?

‘बॉर्डरच्या’ शुगरला, म्हणजे प्री-डायबेटीसला, सहसा कसलंच लक्षण नसतं. सारखी तहान लागणं, रात्री चार वेळा उठावं लागणं, वजन उतरणं ही लक्षणं साखर बरीच वाढल्यावर दिसतात. मानेवर किंवा काखेत कातडी काळसर, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल, घासूनही जात नसेल, तर तो मळ नसून शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते. एवढी एक खूण सोडली तर रक्त तपासल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

कुणाला धोका जास्त हे घरबसल्या मोजण्यासाठी चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये एक सोपी गुणपद्धत तयार केली, ‘इंडियन डायबेटीस रिस्क स्कोअर’. त्यात चारच गोष्टी आहेत.

• वय : ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ असेल तर २०, ५० च्या पुढे ३० गुण.
• कंबर : बाईची ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषाची ९० च्या आत असेल तर ०, बाईची ८० ते ८९, पुरुषाची ९० ते ९९ असेल तर १०, त्यापुढे २०.
• हालचाल : अंगमेहनतीचं काम आणि नियमित व्यायाम दोन्ही असेल तर ०, दोन्हींपैकी एक असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०.
• आईवडील : दोघांनाही मधुमेह नसेल तर ०, एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०.

बेरीज ६० किंवा जास्त आली तर धोका मोठा. समजा, किराणा दुकान चालवणारा ४२ वर्षांचा माणूस आहे, कंबर ९४ सेंटिमीटर, दिवसभर गल्ल्यावर बसणं, व्यायाम नाही, आईला शुगर. वयाचे २०, कंबरेचे १०, हालचालीचे ३०, आईचे १०, म्हणजे ७०. या माणसाने आज काही त्रास नसला तरी रक्त तपासायला हवं. टेप मात्र पँटच्या पट्ट्यावर लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा.

‘आमच्या घरात कुणी जाड नाही’ या भरवशावरही राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा समज खोटा ठरवला. २००४ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपला स्वतःचा आणि इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. उंचीच्या हिशेबाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त, ही आपल्याकडची ठेवण आहे. याज्ञिक यांच्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ती मुलं १८ वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा त्यांच्यातली जवळपास निम्मी कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची साखर नॉर्मलच्या पुढे गेलेली होती. ही शहरात बसून खाणारी मुलं नव्हेत, आपल्यासारख्याच गावातली आहेत.

गरोदरपणात ज्यांची शुगर वाढली होती, त्या बायकांनी तर बाळंतपणानंतर दीड महिन्याने ग्लुकोज पिऊन होणारी तपासणी करून घ्यावीच, आणि पुढेही ती तपासत राहावी. ‘बाळ झालं, शुगर गेली’ म्हणून फाइल बंद करणं हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे. त्यात वर्षं वाया जातात.

तीन तपासण्या, तीन मोजपट्ट्या

प्री-डायबेटीस ठरवायला तीन तपासण्या मानल्या जातात. आकडे असे :

• उपाशीपोटीची साखर (फास्टिंग) : १०० च्या खाली नॉर्मल, १०० ते १२५ प्री-डायबेटीस, १२६ पासून मधुमेह.
• ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी (जीटीटी) : १४० च्या खाली नॉर्मल, १४० ते १९९ प्री-डायबेटीस, २०० पासून मधुमेह.
• एचबीए१सी : ५.७ टक्क्यांच्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्री-डायबेटीस, ६.५ पासून मधुमेह.

साखरेचे आकडे एका डेसिलिटर रक्तात किती मिलीग्रॅम ग्लुकोज आहे ते सांगतात. या मर्यादा अमेरिकन डायबेटीस असोसिएशनच्या आहेत आणि आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर त्याच वापरतात. जागतिक आरोग्य संघटना मात्र उपाशीपोटीची पायरी १०० ऐवजी ११० पासून धरते. म्हणून १०४ आलेला रिपोर्ट एका लॅबच्या कागदावर ठळक छापून येतो आणि दुसरीच्या कागदावर नॉर्मल दिसतो. लॅबने चूक केलेली नसते, दोघांची मोजपट्टी वेगळी असते. अशा वेळी कागदावरच्या ठळक अक्षरांकडे न बघता आकडा वरच्या यादीशी ताडून पाहा आणि डॉक्टरांशी बोला.

आणखी एक गोष्ट. या तिन्ही तपासण्या एकाच माणसाला तीन वेगळी उत्तरं देऊ शकतात. रात्रभर यकृत किती साखर सोडतं ते फास्टिंग दाखवते, खाल्लेली साखर शरीर किती लवकर उचलतं ते जीटीटी दाखवते. कुणाचं पहिलं बिघडतं, कुणाचं दुसरं. फास्टिंग ९६ असूनही जीटीटीत १६० निघणारे लोक असतात. त्यामुळे धोका जास्त असेल तर एकट्या फास्टिंगवर सुटका मानू नका.

फास्टिंग : उपाशी म्हणजे खरोखर उपाशी

रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास पाण्याशिवाय काही नको. चहा नको, बिनसाखरेचाही नको. तंबाखू, गुटखा, विडी, सिगारेट नको. एकादशीला किंवा सोमवारी साबुदाणा, शेंगदाणे, केळं खाऊन ‘आज उपवासच आहे’ म्हणत रक्त द्यायला गेलात तर ती फास्टिंग नव्हे.

उलट चौदा-पंधरा तास उपाशी राहणंही बरोबर नाही. रात्री नऊला जेवलात तर सकाळी सात ते नऊच्या दरम्यान रक्त द्या. एसटीने बसवकल्याणला जायचं असेल तर पहिली गाडी धरा आणि भाकरी-भाजी बांधून घ्या, रक्त दिल्या दिल्या खाता येईल. ताप, जुलाब, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर तपासणी दोन-तीन आठवडे पुढे ढकला, कारण आजारपणात साखर तात्पुरती वाढते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या अथवा इंजेक्शन घेतलं असेल तर ते सांगा. गावातल्या डॉक्टरने ‘दुखण्यावर’ दिलेल्या इंजेक्शनमध्येही स्टेरॉइड असू शकतं, म्हणून चिठ्ठी सोबत न्या.

जीटीटी : कंटाळवाणी, पण लपलेलं दाखवणारी

ही तपासणी लोक टाळतात, कारण तिच्यात अर्धा दिवस जातो. आधी उपाशीपोटी रक्त घेतात. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पेलाभर पाण्यात, साधारण २५० ते ३०० मिलिलिटरमध्ये विरघळवून पाच मिनिटांत प्यायला देतात. गोडाने मळमळत असेल तर थोडं लिंबू पिळून देतात. पहिला घोट घेतला ती वेळ लिहून ठेवायची आणि तिथून बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त द्यायचं. मधले दोन तास लॅबमध्येच बसा. बाजारात चक्कर मारून आलात तर स्नायू साखर वापरतात आणि आकडा खाली येतो. विडी नाही, चहा नाही, पाणी चालेल. प्यायलेलं उलटून पडलं तर तसं सांगा, तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते.

आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा. रिपोर्ट ‘चांगला’ यावा म्हणून कित्येक जण तीन दिवस भात-भाकरी सोडतात. त्याने होतं भलतंच. शरीराची साखर हाताळायची सवय मोडते आणि ग्लुकोज प्यायल्यावर आकडा उलट जास्तच येऊ शकतो. येळवशीच्या सणाला शेतात भज्जी, उंडे आणि अंबिलावर ताव मारून दुसऱ्या दिवशी जाऊ नका, पण नेहमीचं जेवणही तोडू नका.

लॅबवाले कधीकधी जीटीटीऐवजी ‘पीपी’ करतात, म्हणजे घरी जेवून दोन तासांनी रक्त. मधुमेह असलेल्याचं औषध लागू पडतंय का हे बघायला ती ठीक आहे. प्री-डायबेटीस ठरवायला मात्र नाही, कारण कुणी दोन भाकरी खातो, कुणी ताटभर भात, आणि मोजमापच सारखं राहत नाही.

एचबीए१सी : सोयीची, पण रक्त कमी असेल तर फसवी

तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर चिकटते. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ टक्के म्हणजे सरासरी ११७ च्या आसपास, ६.४ म्हणजे १३७. उपाशी राहावं लागत नाही, दुपारी शेतातून येऊनही रक्त देता येतं. ज्यांना सकाळी जमत नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

पण ही तपासणी हिमोग्लोबिनवर उभी आहे, आणि आपल्या गावातल्या बऱ्याच बायकांचं हिमोग्लोबिनच कमी असतं. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी झालं असेल तर साखर नॉर्मल असूनही एचबीए१सी वाढलेली दिसू शकते, आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर ती आपोआप उतरते. नुकतंच रक्त चढवलं असेल, बराच रक्तस्राव झाला असेल किंवा सिकलसेल-थॅलेसेमियासारखा दोष असेल तर आकडा उलट खोटा कमी येतो. गरोदरपणात तर तिच्यावर विसंबूच नये. म्हणून एचबीए१सी सांगितली की त्याच रक्तात हिमोग्लोबिनही बघायला सांगा. ते ९ किंवा १० असेल तर निकाल फास्टिंग आणि जीटीटीवर ठरवावा.

नळीचं झाकण आणि गाडीची वेळ

हे पेशंटला कुणी सांगत नाही, पण गावाकडे सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. रक्त शरीरातून काढल्यावरही त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत रक्त तसंच ठेवलं तर साखर दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. समजा, सकाळी आठला तुमची खरी साखर ११८ होती. गावातल्या कलेक्शन सेंटरवर नमुना घेतला, तो नंतरच्या गाडीने शहरात गेला आणि बारा वाजता तपासला. कागदावर आकडा शंभराच्या आत येईल. प्री-डायबेटीस वाटेतच ‘बरा’ झाला!

म्हणून साखरेचा नमुना राखाडी झाकणाच्या नळीत घेतात. त्यात फ्लोराइड असतं, ते पेशींचं साखर खाणं थांबवतं. तेही पहिल्या तास-दीड तासात पूर्ण लागू पडत नाही, पण साध्या नळीपेक्षा फार बरं. एचबीए१सीची नळी जांभळ्या झाकणाची असते. रक्त देताना झाकणाचा रंग बघा आणि विचारा, “इथेच तपासणार की बाहेर पाठवणार? किती वाजता पोचेल?” जमत असेल तर फास्टिंगचं रक्त जिथे लगेच तपासलं जातं अशा ठिकाणी द्या. आणि दरवर्षी शक्यतो एकाच लॅबमध्ये जा, म्हणजे मागचा आकडा आणि आताचा आकडा जोडून बघता येतो.

बोटाचं मशीन आणि लघवीची पट्टी

ग्लुकोमीटर हे चाळणी लावायचं साधन आहे. चांगल्या मशीनलाही १५ टक्क्यांपर्यंत फरक माफ असतो. म्हणजे खरी साखर ११० असेल तर मशीन ९५ ही दाखवेल आणि १२५ ही. प्री-डायबेटीसची सगळी पट्टीच १०० ते १२५ ची असताना त्यावर निकाल कसा लावणार? बोटाला ऊस, गूळ किंवा केळ्याचा चिकटपणा राहिला असेल तर आकडा आणखी चढतो, म्हणून आधी हात धुऊन कोरडे करा. मशीनवरचा आकडा वर आला तर घाबरू नका, खाली आला तर निश्चिंत होऊ नका. शिरेतून रक्त द्या.

लघवीची तपासणी या कामाला निरुपयोगी आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही.

सरकारी व्यवस्थेत ३० वर्षांवरच्या सगळ्यांची साखर, रक्तदाब अशी प्राथमिक तपासणी फुकट होते. आशा कार्यकर्त्या घरी येऊन फॉर्म भरतात. कर्नाटक सरकारची ‘गृह आरोग्य’ योजनाही याच कामासाठी आहे, ती २०२४ मध्ये कोलार जिल्ह्यातून सुरू झाली. आशा दारात आल्या की ‘मला काही झालं नाही’ म्हणून परत पाठवू नका. तिथे आकडा वाढलेला निघाला तर पुढची पायरी म्हणजे बसवकल्याणचं तालुका रुग्णालय, आणि गरज पडली तर बीदरचं ब्रिम्स किंवा कलबुर्गीचं जिम्स ही सरकारी रुग्णालयं.

रिपोर्ट हातात आल्यावर

पाच गोष्टी बघा : तुमचं नाव आणि वय बरोबर आहे का, तपासणी कोणती (फास्टिंग, पीपी, रँडम, जीटीटी की एचबीए१सी), रक्त किती वाजता घेतलं, नमुना कशाचा (शिरेतला की बोटाचा), आणि आकडा वरच्या यादीत कुठे बसतो. ‘रँडम’ (कोणत्याही वेळी घेतलेलं रक्त) लिहिलं असेल तर त्यावरून प्री-डायबेटीस ठरत नाही. रँडम २०० च्या वर आणि सोबत तहान, सारखी लघवी, वजन घटणं असेल तर मात्र तो मधुमेह आहे, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

आकडा प्री-डायबेटीसचा आला आणि त्रास काही नाही, तर एका रिपोर्टवर शिक्का मारून घेऊ नका. काही दिवसांनी तीच तपासणी पुन्हा करा, किंवा दुसऱ्या प्रकारची जोडीला करा. दोन्ही एकच सांगत असतील तर निदान पक्कं. निदान झालं की दरवर्षी तपासणी. सगळं नॉर्मल आलं तरी तीन वर्षांनी पुन्हा.

निदान पक्कं झालं, आता?

आता हातपाय गाळायचे नाहीत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियन डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम’मध्ये जीटीटी बिघडलेल्या ५३१ भारतीयांना तीन वर्षं पाहिलं. ज्यांनी काहीच वेगळं केलं नाही त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त, ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांनी आहार सांभाळला आणि रोज अर्धा तास झपाझप चालले त्यांचा धोका २८.५ टक्क्यांनी उतरला, तोही वजनात फारसा फरक न पडता. बारीक माणसालाही चालण्याचा फायदा होतो, तो असा.

भाकरी वाईट नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, हरभरा, मूग हे सगळं आपल्या शिवारातलंच आहे. ताटात भात आणि भाकरी दोन्ही भरपूर, वर दिवसातून पाच-सहा कप गोड चहा, हे नडतं. साखरेऐवजी गूळ घातल्याने रक्ताला काही फरक पडत नाही. शेतातलं काम व्यायामात धरता येतं, पण ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आल्यापासून आपण नक्की किती चालतो ते प्रत्येकाने प्रामाणिकपणे मोजावं. मेटफॉर्मिनची गोळी कुणाला द्यायची हे डॉक्टर वय, वजन आणि आकडे बघून ठरवतात. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून ती मेडिकलमधून आणू नका. सोबत रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही तपासा, कारण या तिघांची संगत असते.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख आणि प्री-डायबेटीसचे १३ कोटी ६० लाख लोक असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे मधुमेह झालेल्यांपेक्षा वाटेवर असलेले जास्त आहेत, आणि त्यांतले बरेच अजून मागे फिरू शकतात.

तेव्हा घरातल्या ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची एक फास्टिंग या महिन्यात करून घ्या, आणि धोक्याचे गुण ६० किंवा जास्त असतील तर जीटीटीही. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना ती पिशवी सोबत न्या आणि ‘शुगर किती आहे?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘ही कोणती शुगर, आणि मागच्यापेक्षा किती बदलली?’ असं विचारा.